पाठ करून बसलेली माणसं

२०२४ सालची नारळी पौर्णिमा सोमवारी आली होती. सिंगापुरात त्या दिवसाला कोण विचारतो? पुंगोलच्या एका फ्लॅटमध्ये मात्र कुमुदताईंनी सकाळीच नारळीभात करून ठेवला होता आणि चार वाजल्यापासून त्या डायनिंग टेबलाशी फोन मांडून बसल्या होत्या. फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला. खिडकीखालून एलआरटीची छोटी रेल्वेगाडी वळण घेऊन जायची, तिच्या घरघरीने फोन घसरायचा, आणि त्या पुन्हा तो सरळ करायच्या. मुलाचा फोन यायचा होता.

दर्शन, त्यांचा एकुलता एक मुलगा, टँकरवर चीफ इंजिनिअर होता. इंडोनेशियातलं पामतेल भरून जहाज हल्दियाला निघालं होतं. वाटेत ते सिंगापूरच्या बाहेर नांगरून राहिलं, तेव्हा दर्शन लाँचने मरिना साउथ पियरवर उतरून दोन घास खायला घरी येऊन गेला होता. जाताना कुमुदताईंनी त्याच्या हातात नारळांची जड पिशवी दिली. टेक्का मार्केटमधून स्वतः वाजवून, शेंडी बघून निवडलेले नारळ. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं. घरातला माणूस समुद्रावर असेल तर त्याच्या हातून पौर्णिमेला दर्याला नारळ गेलाच पाहिजे, एवढं त्यांना कळत होतं. जहाजावर सहा-सात जण कोकणातलेच होते. ते पूजेला जमायचे, आणि बाकीचे प्रसादाला.

फोन वाजला. पडद्यावर दर्शनचा दाढी वाढलेला चेहरा आणि मागे पांढरं, तापलेलं आकाश.

"आई, नारळीभात केलास का गं?"

"केला. तुझा वाटा गार्गीने खाल्ला. कुठे पोचलात?"

"पोचतोय कसले! परवापासून इंजिन बंद आहे. वाहत वाहत चाललो होतो, शेवटी पाणी उथळ लागलं तेव्हा कॅप्टनने नांगर टाकला. ओढून न्यायला पोर्ट ब्लेअरहून टग निघालाय. हे बघ, समोर बेट आहे."

त्याने फोन फिरवला. आधी पाणी, मग फेसाची एक रेघ, आणि रेघेपलीकडे हिरवागार पट्टा. ना दीपस्तंभ, ना जेटी, ना एखादं कौलारू छप्पर.

"कुठलं बेट?" कुमुदताईंनी विचारलं. आवाज जरा बदलला होता.

दर्शनने नाव सांगितलं. नकाशावर त्या बेटाला कुणा जुन्या इंग्रज साहेबाचं नाव आहे. तिथले लोक आपल्या भूमीला काय म्हणतात, ते बाहेरच्या कोणालाच ठाऊक नाही. त्यांची भाषा कोणाला येत नाही, आणि बाहेरचं माणूस त्यांना नको असतं. सरकारने तिथे जायला बंदी केली आहे, ती या दोन्ही कारणांसाठी आणि तिसऱ्याही एका कारणासाठी.

कुमुदताईंना ते तिसरं कारण ठाऊक होतं.

लग्न झाल्यावर त्यांची पहिली बारा-तेरा वर्षं पोर्ट ब्लेअरला गेली होती. त्यांचे यजमान उल्हास तिथे सरकारी बोटींवर इंजिनिअर होते. त्या काळी सरकारचीच माणसं बोटीत नारळ, केळी भरून अशा बेटांवर जायची, किनाऱ्यावर ठेवून यायची. ओळख व्हावी म्हणून. शेजारच्या दुसऱ्या एका बेटावर तशी ओळख झालीही. तिथली माणसं धीट झाली, बोटीशी येऊ लागली, बिस्किटं मागू लागली. मग एका वर्षी त्यांच्यात गोवर शिरला. जी वाचली त्यांना पोर्ट ब्लेअरच्या इस्पितळात आणलं. कुमुदताई तेव्हा पंचविशीतल्या. शेजारची नर्स म्हणाली म्हणून रोज सकाळी तांदळाची पेज घेऊन जायच्या. एक बाई होती, पेजेचा वाडगा नुसता हातात धरून बसायची. ती कोणाला काही विचारत नव्हती, कारण तिचं बोलणं समजणारं माणूस त्या वॉर्डात आता राहिलंच नव्हतं. आपल्याला जी सर्दी रुमालाने पुसून टाकता येते, तिची त्यांच्या अंगाला ओळखच नव्हती.

"दर्शन, तुमच्या जहाजावर कोणी आजारी आहे का?"

"फ्लू आलाय, दुसरं काय. डुमाईला तेल भरलं तेव्हा बंदरातून एकजण घेऊन आला आणि निम्मं जहाज झोपलं. मलाही कालपर्यंत ताप होता. आता नुसता खोकला." तो खोकला आणि हसला. "पण आई, खरी गंमत तर ऐक. सकाळी पूजा केली. आमच्या खलाशांचा मुकादम, चोगले बोसन, त्याने आरती म्हटली, नारळ सोडले. आणि भरतीने ते सगळे नारळ उचलून थेट त्यांच्या किनाऱ्याला नेले! आम्ही दुर्बिणीतून बघत होतो. माणसं आली, गुडघाभर पाण्यात शिरून एकेक नारळ उचलला. तुझे टेक्का मार्केटचे नारळ, आई!"

कुमुदताईंनी टेबलाची कड धरली.

"मग?"

"मग काय, आता ते येतायत."

"कोण येतंय?"

"तेच. दोन होड्या. सगळे जण डेकवर आलेत बघायला. कुकने तर टोपलीत बिस्किटं, टी-शर्ट, काय काय भरलंय. दोरीने खाली सोडणार आहेत."

त्याची अकरा वर्षांची मुलगी गार्गी शाळेच्या गणवेशातच आजीच्या खांद्यावरून डोकावत होती. "Wah, real tribe ah? Papa, show lah, show!"

"दर्शन," कुमुदताई म्हणाल्या, "ती टोपली खाली जाता कामा नये."

"अगं, त्यांना काही त्रास द्यायचा नाहीये..."

"टोपली थांबव! आधी थांबव, मग मी सांगते. त्या टी-शर्टांवर तुमचा ताप आहे. इस्पितळात मी बघितलंय रे, माझ्या डोळ्यांनी. त्यांना तुमचा खोकला पुरेसा आहे. एक जरी माणूस जहाजाला हात लावून परत गेला ना, तर त्या बेटावर चूल पेटवायला कोणी उरणार नाही."

दर्शनच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. वडिलांच्या तोंडून हे त्याने लहानपणी ऐकलेलं असणार, पण ऐकलेली गोष्ट आणि समोरून येणारी होडी यांची गाठ घालायला माणसाला थोडा वेळ लागतो.

"अरे देवा," तो म्हणाला. "आई, नारळ सोडून आम्हीच बोलावलंय त्यांना."

तो धावत सुटला. फोन हातातच होता. पडद्यावर डेक, बूट, पाइप, पुन्हा आकाश असं काहीबाही हलत राहिलं. मग आवाज आले. कुकशी बाचाबाची, टोपली आपटल्याचा आवाज, आणि कॅप्टन रेयेसचा शांत फिलिपिनो इंग्रजी स्वर. कॅप्टन भला माणूस होता. लहान होडीतून आलेल्या माणसाला हाकलणं त्याच्या रक्तात नव्हतं. पण दर्शनने दोन वाक्यांत सांगितलं, तेव्हा त्याने वाद घातला नाही. जहाजाचा भोंगा वाजवला.

तो आवाज पुंगोलच्या स्वयंपाकघरात भरून राहिला.

"थांबले?" कुमुदताईंनी विचारलं.

"थांबले... थांबले... नाही गं. हसतायत ते. पुन्हा वल्ही मारायला लागले."

"पाण्याचा फवारा?"

"त्या होड्या बोटभर पाण्याने उलटतील. खाली प्रवाळ आहे, माणसं फाटून निघतील. आणि इशाऱ्याचे जळते फ्लेअर उडवायचे नाहीत म्हणतोय कॅप्टन, तेलाच्या जहाजावर आगीचा खेळ नको." त्याला धाप लागली होती. "सगळे आत जातो. दारं लावून घेतो."

ते आत गेले. दर्शनने एका गोल खिडकीतून फोन धरला, आणि पुंगोलमध्ये आजी-नात बघत राहिल्या. डेक रिकामं झालं तशा होड्या अधिकच निर्धास्त झाल्या. मालक नसलेलं घर असावं तसं जहाज दिसत असणार त्यांना. पुढच्या होडीतला माणूस नांगराच्या साखळीकडे बघत होता, बोटाने दाखवत होता. लोखंड! त्या बेटावर लोखंड मिळतं ते फक्त फुटलेल्या जहाजांचं. बाजूला टगवरच्या माणसांना चढायला सोडलेली दोरीची शिडी अजून लोंबतच होती.

"शिडी ओढा!" कुमुदताई ओरडल्या.

"बोसन गेलाय ओढायला. पण आई, साखळीवरून चढले तर? आत राहिलो तर ते वर येणार, बाहेर गेलो तर त्यांना वाटणार आम्ही बोलावतोय. काय करू?"

बेचाळीस वर्षांचा चीफ इंजिनिअर आपल्या आईला विचारत होता, काय करू.

कुमुदताईंनी डोळे मिटले. त्यांना आठवला पोर्ट ब्लेअरचा घामट व्हरांडा, आणि पायातले बूट न काढताच पायरीवर बसलेले उल्हास. याच बेटावरची त्यांची पहिली फेरी होती. बोट किनाऱ्याजवळ गेली तर वाळूवर पंधरा-वीस माणसं उभी होती. नारळ दाखवले. त्या सगळ्यांनी एकदम पाठ फिरवली आणि पाठ करून उकिडवी बसली. बायका, म्हातारे, सगळे. ना दगड, ना बाण. नुसत्या पाठी. बोटीवरचा जुना अधिकारी म्हणाला, चला परत, याचा अर्थ 'नको'. त्या रात्री उल्हास जेवले नव्हते. "मला आजवर कोणी असं उंबऱ्यावरून परत पाठवलं नव्हतं," म्हणाले होते. कुमुदताई तेव्हा हसल्या होत्या. सकाळी चहा घेताना तेच म्हणाले, "पण स्पष्ट सांगितलं हो त्यांनी. आपल्याला जमलं नसतं."

आणि खरंच, आपल्याला कुठे जमतं? दारात आलेल्याला पाणी विचारायचं, गूळ नसेल तर साखर, साखर नसेल तर गोड शब्द. नको असलेल्या पाहुण्यालाही "बसा हो थोडं" म्हणायचं. दारातल्या माणसाकडे पाठ करून बसायचं, हे कुमुदताईंच्या सात पिढ्यांत कोणी केलं नसेल.

"दर्शन, ऐक. सगळ्यांना बाहेर काढ. कठड्याजवळ, त्यांना दिसतील असे. आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे पाठ करून उकिडवं बसायचं. हात हलवायचा नाही, वळायचं नाही, हसायचं नाही. बाबांना त्यांनी तसंच परत पाठवलं होतं. ती त्यांची भाषा आहे."

"पाठ करून? आई, त्यांच्याकडे धनुष्यं आहेत."

"मला दिसतायत."

दर्शन कॅप्टनकडे गेला. मग दोघांच्या बोलण्याचा आवाज आला. कॅप्टनने विचारलं, ही कल्पना कोणाची? दर्शन म्हणाला, माझ्या आईची. मग कॅप्टन म्हणाला, माझ्या आईचं मी कधी ऐकलं नाही आणि तरी ती दर वेळी बरोबर निघाली. चला.

पहिला बसला तो कॅप्टनच. मग बोसन चोगले, "काकूंनी आमची चांगलीच फजिती केली" असं पुटपुटत, गुडघे कुरकुरत. मग कुक, फिटर, तापाने लाल डोळे झालेली पोरं. खोकणाऱ्यांनी तोंडात टॉवेल कोंबले. दर्शन शेवटच्या टोकाला, होड्यांच्या अगदी जवळच्या बाजूला बसला. फोन त्याने समोर गुडघ्यावर धरला.

आता कुमुदताईंना पडद्यावर मुलाचा चेहरा दिसत होता, आणि त्याच्या खांद्यामागे, कठड्याच्या गजांमधून, समुद्र. जे त्याला दिसत नव्हतं ते त्यांना दिसत होतं.

"आई, काय करतायत?"

"थांबलेत."

वल्ही थांबली होती. होड्या पाण्यावर डोलत होत्या. पुढच्या होडीतली माणसं एकमेकांशी बोलत होती. कोणीतरी हाक मारली, लांब, गाण्यासारखी. जहाजावरून उत्तर गेलं नाही. पुन्हा हाक आली. या वेळी तिच्यात प्रश्न होता, हे पुंगोलमध्येही कळलं.

"बोलावतायत का गं?"

"बोलवू दे. बस तू."

"पायांत गोळे आलेत."

"येऊ देत."

तेवढ्यात दाराला किल्ली लागली. सून अनघा नोव्हेनाहून आली होती. तिथल्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट आहे. चप्पल काढता काढताच म्हणाली, "आई, दर्शनचा फोन आला का?" आणि गार्गीचा चेहरा बघून तशीच टेबलाशी आली.

त्याच वेळी मागच्या होडीतला एक माणूस उभा राहिला. तरुण होता. त्याने धनुष्य उचललं.

कुमुदताईंनी ते बघितलं. तोंड उघडलं होतं. 'वाक' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. पण दर्शन वाकला असता, वळला असता, तर रांगेतली सगळी माणसं वळली असती. मग चेहरे, हात, आरडाओरडा. मग 'नको' पुसलं गेलं असतं.

"दर्शन!" अनघा किंचाळली. "दर्शन, मागे..."

कुमुदताईंचं बोट त्याआधीच माइकच्या खुणेवर गेलं होतं.

पडद्यावर दर्शनच्या कपाळाला आठी पडली. "आई? आवाज गेला तुझा. आई?" त्याने फोन जरा जवळ घेतला. त्याला दिसली ती फोनवर झेपावलेली बायको, तिचं उघडं तोंड, तिचे डोळे. ते डोळे त्याच्याकडे बघत नव्हते. त्याच्या मागे बघत होते.

अनघा सासूचा हात ओढत होती. "सोडा! सोडा तो फोन! तुम्हाला कळतंय का काय करताय?" आणि कुमुदताई, ज्यांना दोन्ही हातांनी कुकर उचलवत नव्हता, त्या फोन डोळ्यांसमोर घट्ट धरून उभ्या होत्या.

दर्शनला कळलं. कुमुदताईंनी ते त्याच्या चेहऱ्यावर बघितलं, अगदी स्पष्ट. त्याचे डोळे बायकोच्या चेहऱ्यावरून आईच्या चेहऱ्यावर आले. त्याने मान अर्धा इंचही वळवली नाही. ओठ दाबले, आणि हनुवटी खाली घेतली, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी घ्यायचा तशी.

पहिला बाण लोखंडावर वाजला.

दुसऱ्याचा आवाज आला नाही. दर्शन फक्त पुढे झुकला, जणू मागून कोणी ढकललं. फोन हातातून निसटला. मग पडद्यावर नुसतं आकाश.

कुमुदताईंनी माइक पुन्हा चालू केला. आता अनघाच्या हाका जाऊ शकत होत्या, पण तिचा आवाजच बसला होता. गार्गी टेबलाखाली जाऊन बसली होती, कानांवर हात ठेवून. आकाशातून एक पक्षी गेला. कोणीतरी टॉवेलात खोकलं. दूरवर पुन्हा ती हाक, आता छोटी, रागाची. मग पाण्यावर वल्ह्यांचा आवाज. जवळ येतोय की लांब जातोय, ते कळेना.

कोणी बोलत नव्हतं. जहाजावर कोणी हलतही नव्हतं. कुमुदताईंना वाटलं, सगळेच गेले की काय.

शेवटी आकाशाच्या जागी चोगले बोसनची मिशी आली.

"काकू, वळल्या होड्या. गेले. दर्शनसाहेबांना खांद्याच्या मागे लागलाय, रक्त आहे, पण बोलतायत. आम्ही कोणी हललो नाही बघा. साहेबच म्हणाले, बसा, बसा, मला काही झालं नाही."

"त्यांच्यातल्या कोणी हात लावला का जहाजाला?" कुमुदताईंनी विचारलं.

अनघाने त्यांच्याकडे बघितलं. ती नजर कुमुदताई विसरल्या नाहीत.

"नाही काकू," चोगले म्हणाला. "कोणीच नाही."

संध्याकाळी तटरक्षक दलाची बोट आली आणि दर्शनला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी टगने जहाज ओढून नेलं.

कॅप्टन रेयेसला कंपनीने लेखी विचारलं की शस्त्रधारी माणसांकडे पाठ करून बसण्याचा हुकूम कोणी दिला. त्याने स्वतःचं नाव लिहिलं. वर्षभराने तो निवृत्त झाला आणि इलोइलोला आपल्या गावी गेला. नाताळला त्याचा कुमुदताईंना मेसेज येतो, त्यात नेहमी 'मदर' असं लिहिलेलं असतं. चोगले बोसनने जहाज सोडलं. हर्णैला त्याची मासेमारीची बोट आहे. नारळ तो आता बंदरातूनच सोडतो, आणि भरती बघून सोडतो.

दर्शनचा खांदा सांधला, पण उजवा हात कानाच्या वर जात नाही. समुद्रावरचं काम संपलं. जहाजदुरुस्तीच्या एका ऑफिसात तो आता खुर्चीवर बसतो आणि त्याबद्दल कुरकुरतो. त्याने आईला कधी काही विचारलं नाही. गार्गीला जहाजावरच्या कोणीतरी होड्यांचा व्हिडिओ पाठवला होता. मैत्रिणींनी कितीदा मागितला, तिने दिला नाही, आणि एके दिवशी पुसून टाकला.

त्या बेटाची बातमी दोन महिन्यांनी कळली. ते दोन महिने कुमुदताईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. सकाळी उठल्या की पहिला प्रश्न तोच, काही कळलं का रे? त्या दिवशी सकाळी बेटावरच्या माणसांनी पाण्यात शिरून ते नारळ उचलले होते, ते खोकणाऱ्या हातांतूनच गेले होते ना! अखेर सरकारी विमानाने लांबून घिरटी घातली. किनाऱ्यावर धूर होता, होड्या पाण्यात होत्या, मुलं पळत होती. विमान बघून सगळी झाडीत शिरली. त्यानंतर त्यांचं काय झालं, ती माणसं आपल्याला काय म्हणाली असतील, हे कोणाला कळायचं कारण नाही.

अनघा बरेच महिने सासूशी कामापुरतंच बोलली. चहा द्यायची, औषधं वेळेवर द्यायची, गुडघ्याचे व्यायामही करून घ्यायची, पण डोळ्यांत न बघता. पुढल्या दिवाळीनंतर कुमुदताई वेंगुर्ल्याला बहिणीकडे राहायला गेल्या. कोणी जा म्हटलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं.

दर रविवारी फोन येतो तो मात्र अनघाचाच. आधी दर्शन बोलतो, मग गार्गी, शेवटी ती. मागच्या शिमग्याच्या सुमाराला एकदा ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, त्या दिवशी तुम्हाला वाटलं होतं का, की तो जाईल?"

"हो," कुमुदताई म्हणाल्या.

मग अनघाने विचारलं, जिने चढताना गुडघा अजून दुखतो का, आणि सांगितलेले व्यायाम रोज करता की नाही.